मामा आणायला सोनतळ्याला

सोनतळ्याला मुद्दाम कोणी जात न्हाई. तिथं गाजलेलं देऊळ न्हाई, धबधबा न्हाई, आणि फोटो काढावा असं जे एक ठिकाण होतं ते गावकऱ्यांनीच पाट्या भरभरून घरी नेलंय, ते पुढं सांगते. फोनवर रस्ता विचारला तर फोन म्हणतो, तुमाला सोलापूर म्हणायचंय का? तरीबी आमी गेलतो. शनिवारी गेलो, रविवारी आलो. जाताना तिघं, येताना चौघं.

तेलगाव, शुक्रवार

माझं लगीन ठरलंय. पोराचं नाव दानियल, घरात दानू. त्याचा छोटा हत्ती हाय, म्हंजे तो चार चाकांचा लहान टेंपो. त्यात तो भाजी, खत, कधी कधी आख्खी वऱ्हाडं वाहतो. टेंपोच्या कपाळावर ‘प्रभूची कृपा’ आणि मागं ‘हॉर्न मारा’ असं लिवलंय. दानू बोलतो कमी. मी त्याच्या वाटचं बोलते, त्याच्याच आवाजात. आमच्या चर्चमधे माझ्या नकला फेमस हायत. पाळकसाहेब, एसटीचा कंडक्टर, ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचा टेप, सगळं काढते. पाळकसाहेबांचा आवाज काढून मी एकदा फोनवर शाळेला सुट्टीबी दिलती.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत जोडप्याचं नाव वाचतात. कोणाला हरकत असंल तर उभं राहावं, म्हणतात. कोणी उभं राहिलं की लगीन तिथंच थांबतं. आमचे दोन रविवार झालते. राहिला एक.

आणि शुक्रवारी संध्याकाळी आली मार्था आत्या. दानूची आत्या. त्याची आई लहानपणीच गेली, हिनंच वाढवलाय त्याला. पोहे खाल्ले, चहा प्याली, आणि बशी खाली ठेवून म्हणली, “मामा कोण हाय पोरीचा?”

आमच्याकडं रीत अशी, की नवरीला चर्चमधे बाप नेतो, पण घरापासनं चर्चच्या दारापर्यंत मामा आणतो. हात धरून.

मी म्हणलं, “आत्या, मम्मी अनाथ होती ना. होस्टेलात वाढली. मामा कुठनं आणू?”

“मग दारापर्यंत कोण आणणार?”

“मी रस्ता ओळखते.”

“दात काढू नको. मी दारापुरतं बोलत न्हाई,” आत्या म्हणली. “उद्या लेकरं व्हतील. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागतील. पोरांला आजोळ नको? माझ्या दानूला आजोळ न्हाई मिळालं. सुट्टीत दाराशी बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजायचा. त्याच्या लेकरांचं तसं मी व्हऊ देणार न्हाई. रविवारी पाळकसाहेब विचारतील तवा मी उभी राहीन, आधीच सांगते.”

तिच्या आवाजात राग असता तर मी लगेच नक्कल केली असती. राग नव्हता. म्हणून मला भ्या वाटलं.

पप्पा कोपऱ्यात बसलते. ते शाळेची व्हॅन चालवतात आणि घरात फार बोलत न्हाईत. ते म्हणले, “मामा हाय.”

आमी सगळे बघतच राहिलो.

“सोनतळ्याचे राजे. दौलतराजे. तुझी मम्मी, विमल, त्यांची सख्खी बहीण.”

मी फसकन हसले. आमच्या घरात नकला मी करते, हे पप्पांनी कवापासनं सुरू केलं? पण पप्पा हसले न्हाईत. आणि मग जे सांगितलं ते असं: मम्मी मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होती, पप्पा तिथं जीप चालवायचे. “आधी प्रभूला हो म्हणली,” पप्पा म्हणले, “मला लई उशिरा.” मग तिच्या वडलांनी गावात सांगितलं, पोरगी मेली. मम्मीनं पप्पांला शपथ घातली की पोरीला यातलं काही सांगायचं न्हाई. मी सहावीत असताना ती गेली, शपथ तेवढी राहिली.

“उद्या जाऊन या,” पप्पा म्हणले.

“आणि तुमी?”

“मी न्हाई येत.” आणि कप उचलून आत गेले.

टेंपोत

दानू गाडी चालवायला, मी खिडकीला, आणि मधे मार्था आत्या. राजा खरा का खोटा हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. शिवाय लग्नाआधी पोरगा-पोरगी शेजारी बसलेले चालत न्हाईत, म्हणून गिअरच्या दांड्याला गुडघा लावून ती बसली. दानूनं दुसरा गिअर टाकला की आत्या “अगं आई” म्हणायची. वडवणीपर्यंत मी तिच्या ‘अगं आई’ची नक्कल बसवली. बीडला ती मी केली तवा तिला वाटलं, तीच बोलली.

बीडमधे चहाला थांबलो. आत्या तोंड धुवायला गेली तवा दानू पहिल्यांदा बोलला.

“आता तू राजकन्या.”

“हो. बाईसाहेब म्हणायचं. आणि सकाळी चहा हातात.”

तो हसला न्हाई. स्टिअरिंगवरची धूळ पुसत बसला. “तिथं कोणी म्हणलं, ड्रायव्हरला देत न्हाई पोरगी. मग?”

“पप्पा काय कलेक्टर होते? आमच्या राजघराण्यात ड्रायव्हरच करतात.”

आता हसला. पण अर्धाच. बाकी अर्धं हसू त्यानं सोनतळ्यापर्यंत रोखून धरलं, हे मला कळत होतं.

बीड सोडून शिरूर कासारच्या बाजूला वळलं की जमिनीचा रंगच बदलतो. आमच्याकडं तेलगावला थंडीत जिकडं बघावं तिकडं ऊस, नायतर उसाच्या गाड्या. इकडं तुरीची वाळलेली काडं, बोडके डोंगर, आणि गावांत घरांला कुलपं. एक गाव गेलं, कुलपं. दुसरं गेलं, तीच गत. ओट्यावर म्हातारे आणि त्यांच्यापाशी लहान लेकरं, मधलं माणूसच न्हाई. सगळे ऊसतोडीला गेलेले. आमच्याकडं शेताच्या कडंला त्यांच्या कोप्या, म्हंजे पाचटाच्या झोपड्या, असतेत, मी रोज बघते. त्या कोप्यांतल्या माणसांची घरं ही, असं पहिल्यांदा बघत होते. त्यांच्या बोलण्याची नक्कल मी कितीदा केलीय. त्यांच्या दाराला कुलूप कसलं असतं, हे कधी मनात आलं नव्हतं.

सोनतळं, स्टँडपाशी

स्टँड म्हंजे एक लिंब आणि लिंबाखाली बाकडं. बाकड्यावर एक माणूस. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, छातीवर पितळी बटणं, मिशा कानापर्यंत, डोक्यावर तुऱ्याची टोपी.

आत्यानं गाडी थांबायच्या आधीच पदर सारखा केला. खाली उतरली, वाकली, आणि म्हणली, “सलाम राजेसाहेब. आमी तुमच्या भाचीला घेऊन आलोत.”

आमच्यात एकमेकांला सलाम म्हणतात. त्या माणसानंबी तोलून मापून सलाम ठोकला.

“बाई,” तो म्हणला, “मी बँडवाला. शेजारच्या गावात लगीन हाय, गाडीची वाट बघतोय. भाचीचं कधी हाय? आमचं क्लॅरिनेट ऐकलंय का तुमी?”

दानूचं राहिलेलं अर्धं हसू तिथं सुटलं. आत्यानं त्याच्या पाठीत एक दिली. मी मात्र बँडवाल्याचा नंबर घेतला.

त्यानंच बोट करून गढी दाखवली. पांढऱ्या मातीचा एक उंच ढिगारा, एका अंगानं कापलेला, पावाच्या लादीसारखा.

“एवढीच?” मी विचारलं.

“निम्मी राह्यली.”

“बाकीची?”

“ती काय वर.” त्यानं गावाच्या घरांकडं हात केला.

गढीच्या पांढऱ्या मातीतनं पाणी झिरपत न्हाई. म्हणून लोक ती खणून नेतेत आणि आपल्या माळवदावर, म्हंजे मातीच्या धाब्याच्या छतावर, थापतेत. माझ्या पणजोबांचा दरबार गावाच्या डोक्यावर पसरलेला होता. वर कोणाच्या मिरच्या वाळत होत्या, कोणाच्या गोधड्या. साडेपाच गावांचं राज्य होतं म्हणे, सहाव्या गावाचा अर्धा भाग शेजारच्या जहागीरदाराचा. मला वाटलं होतं राजवाडा बघून छाती फुगंल. छाती न्हाई फुगली, पण लई बरं वाटलं. एवढ्या लोकांची घरं गळत न्हाईत आपल्यामुळं.

राजेसाहेबांच्या घरी

घर साधं, सिमेंटचं. ओसरीत कापसाचा ढीग. ढिगापाशी साठीचा एक माणूस, पायजमा, सदरा, चष्म्याला दोरा. कापसातनं कचरा वेचत होता. आता आत्या शहाणी झालती, आधी विचारलं, “राजेसाहेब कुठं असतेत?”

“बोला.”

रस्ताभर मी ठरवत आलते, काय बोलायचं, कोणत्या आवाजात. त्या माणसानं मान वर केली आणि माझे सगळे आवाज पळाले. त्याच्या भुवया मम्मीच्या होत्या.

आत्याच म्हणली, “ही तुमच्या विमलची.”

त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला. मग आत बघून हाक मारली, “पाणी आणा. तीन पेले.” थोडं थांबून म्हणले, “चार आणा. मलाबी.”

पाणी घेऊन आल्या त्या माझ्या मामी. गाव त्यांला राणीसाहेब म्हणतं आणि त्यांच्या हाताला भाकरीचं पीठ होतं.

जेवायलाच बसवलं आधी. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा. येसर म्हंजे धान्यं आणि मसाला भाजून दळलेलं पीठ, त्याची आमटी. आमच्याकडंबी व्हती, पण मामीच्या आमटीनं माझ्या कानातनं वाफ निघाली. ताटं वाढली आणि सगळं अडलं. आमी डोळे मिटून प्रार्थनेला बसलो, आणि आत्याची प्रार्थना लांब असते, त्यात पाऊसपाणी, सरकार, आजारी माणसं सगळं येतं. डोळे उघडले तर राजेसाहेब हात आवरून बसलेले.

“सुरू करा ना,” आत्या म्हणली.

“पाहुण्यांनी घास घेतल्याशिवाय आमी घेत न्हाई.”

“आणि घरधन्यानं घेतल्याशिवाय आमी.”

मामी म्हणल्या, “दोघंबी घ्या आता. भाकरीचा पापड व्हायलाय.”

जेवण झाल्यावर राजेसाहेबांनी सुपारी कातरत विचारलं, “ती कावून न्हाई आली?”

मी दानूकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. म्हंजे मलाच सांगायचं होतं.

“ती गेली, मामा. मी सहावीत होते तवाच. ताप आलता, डोक्यात गेला.”

अडकित्ता तसाच उघडा राहिला. त्यांच्या वडलांनी ‘मेली’ म्हणून गावात सांगितलं तवा ती जिती होती, आणि ह्यांला ते ठाऊक होतं. इतकी वर्षं ह्यांच्या मनात ती कुठंतरी भाकरी टाकत होती, पोरीला रागवत होती. ती आत्ता, माझ्या तोंडून गेली.

मामी हळूच म्हणल्या, “भाऊबीजेला कोणाकडून ओवाळून घेत न्हाईत हे. चुलत बहिणी ताट घेऊन येतेत, तशाच परत जातेत.”

“तू गप बस,” राजेसाहेब म्हणले. मग माझ्याकडं न बघता, “ती काय करायची? त्या दिवशी?”

आमच्या घरी दिवाळी नव्हती. पण मला आठवलं. गल्लीत दिवाळीचे दिवे असायचे, तवा एका संध्याकाळी मम्मी तव्यावरची भाकरी सोडून अंगणात जायची. हात रिकामे. चंद्राची बारीक कोर दिसंपर्यंत तिथं उभी राहायची. भाकरी करपायची. मी विचारलं की म्हणायची, मान आखडलीय, मोकळी करते.

एवढं मी सांगितलं आणि मामींनी तोंडाला पदर लावला. भाऊ जवळ नसला की बाया त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. शेजारच्या काकू करायच्या, मी हजारदा बघितलं होतं. पण मम्मीचं आणि ते कधी जोडलंच नव्हतं.

आत्याला गप बसणं सोसत न्हाई. ती म्हणली, “पोरगी गुणाची हाय राजेसाहेब. नकला करती. कोणाचाबी आवाज काढती.”

मला जमिनीत जावंसं वाटलं. पण त्यांनी विचारलं, “विमलचा येतो?”

मी कधी काढला नव्हता. एकटीनंसुद्धा न्हाई. काढला आणि चुकला, तर आहे तोबी जाईल, असं वाटायचं. मी दाराकडं तोंड केलं, म्हंजे कोणाचं तोंड दिसू नये, आणि दिवेलागणीला ती गल्लीत खेळणाऱ्या आमा सगळ्या पोरांला जशी हाक मारायची तशी मारली.

“आरं या की रंऽ घरात! दिवा लागला!”

“आलो, आलो,” राजेसाहेब म्हणले आणि उठून उभे राहिले. दाराकडं दोन पावलं गेलेबी. मग थांबले.

मामी रडत होत्या. आत्याबी. दानू उठून टेंपोची हवा बघायला गेला, चारी चाकांची.

दौलतराजे परत बसले, चष्मा काढून सदऱ्यानं पुसला. मी आमचं येणं सांगितलं. उद्याचा रविवार, मामाचा हात, आत्याचं उभं राहणं, सगळं. ते म्हणले, “पोरी, मला या गावात एक मान हाय. राज्य गेलं, गढी गेली, तेवढाच राह्यलाय. तो माझ्या बापाच्या शब्दावर उभा हाय. तुमच्या देवळात येऊन उभा राह्यलो की तो शब्द मोडला.” आणि दाराकडं बघत म्हणले, “सकाळी बघू.”

आत्यानं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यात ‘सांगितलं होतं ना’ असं नव्हतं. वाईट वाटलेलं होतं. तरी शब्द तिनंबी मागं घेतला न्हाई.

सोनतळं, रविवारी सकाळी

उठलो तर मामा घरात न्हाईत. मामी म्हणल्या, पारावर गेलेत. पार म्हंजे वडाभोवतीचा ओटा, गावाचं जे ठरतं ते तिथं. आमी चहा घेतला. मामींनी वाटंसाठी धपाटे बांधले. दानूनं टेंपो सुरू करून ठेवला, बंद केला, परत सुरू केला. उपासनेला पोचायचं तर निघायलाच पाहिजे होतं.

मामा आले. डोक्याला फेटा, अंगात काळा कोट, कोटाला डांबरगोळ्यांचा वास.

“काय म्हणले लोक?” मामींनी विचारलं.

“मी म्हणलं, भाचीच्या लग्नाची बोलणी हायत, चर्चमधे जातोय. मान काढून घ्यायचा तर घ्या.” मामा पायरीवर बसून बूट घालत होते. “म्हणले, राजे, लई उशीर केलाव. निघा लवकर.”

ते नाडी बांधत राहिले. गाठ बसंना. मामी वाकल्या आणि बांधून दिली.

पुढं तिघांचीच जागा. आत्या म्हणली, राजेसाहेब पुढं बसतील, मी मागं बसते. मामा म्हणले, बाईमाणूस मागं बसंल व्हय, आणि स्वतःच हौद्यात चढले. खाली बसले न्हाईत, दांडी धरून उभे राहिले. गावागावातनं जाताना फेट्याकडं बघून लोक हात करायचे, मामाबी हात करायचे. वडवणीत एकानं पळत येऊन विचारलं, “सायेब, कोणत्या पक्षाकडनं?”

मामा वरून म्हणले, “मुलीकडनं.”

तेलगाव, चर्च

पोचलो तवा उपदेश संपला होता. मामांनी बूट दाराशी काढले आणि सरळ जाऊन पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसले. तिथं कोणी बसत न्हाई, पण त्यांला कोण सांगणार. आत्या बायांत, मी तिच्या शेजारी. पप्पा सगळ्यात मागच्या बाकावर होते. त्यांनी फेटा बघितला आणि मान खाली घातली.

पाळकसाहेबांनी चष्मा लावला. “दानियल आणि शलोमी यांच्या विवाहाची ही तिसरी आणि शेवटची सूचना. कोणाची काही हरकत असेल तर त्यांनी उभं राहावं.”

मामा उभे राहिले.

मी आत्याकडं बघितलं, आत्यानं माझ्याकडं. दानू पलीकडच्या बाजूला पांढरा पडला. बायकांत कोणीतरी “हे प्रभू” म्हणलं. पाळकसाहेबांच्या नोकरीत असं कधी झालं नसावं, कारण त्यांनी पुस्तकाची पानं उलटून बघितली, पुढं काय करायचं ते लिवलंय का.

“आपण?” त्यांनी विचारलं.

“मुलीचा मामा. दौलतराजे, मुक्काम सोनतळं.”

“आणि आपली हरकत... काय आहे?”

“हरकत?” मामा गोंधळले. “हरकत कशाची? तुमी चारचौघांत विचारलं, म्हणून उभा राह्यलो.”

सोनतळ्यात असं हाय, गावापुढं काहीबी विचारलं की आधी राजे उठतात आणि उत्तर देतात, मग बाकीचे. इथं उभं राहणं म्हंजे नको म्हणणं, हे त्यांला कोणी सांगितलंच नव्हतं. आमी दोन दिवस राजा शोधत होतो, मामा मनवत होतो, आणि ही एवढी गोष्ट सांगायची राहिली.

पाळकसाहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. “मग बोला. उभं राहिलेल्याचं ऐकून घ्यावं लागतं.”

“पोरगा चांगला हाय,” मामा म्हणले. “गाडी सांभाळून चालवतो. मी मागं उभा होतो, खड्डा आला की हळू करायचा. पोरीला दारापर्यंत मी आणणार. आणि लेकरं उन्हाळ्यात आमच्याकडं. हे पक्कं.”

आत्यानं माझा हात धरला, लई जोरात, बांगड्या रुतल्या.

मला वाटलं आता बसतील. बसले न्हाईत. वळून मागं बघत राहिले, एकेक बाक, शेवटपर्यंत.

“दाजी,” मामा म्हणले, “तिकडं कावून बसलाव?”

पप्पा उठले न्हाईत. “हितं बरं हाय,” म्हणले. आवाज अगदी बारीक.

“तुमी पुढं येईपतोर मी बसत न्हाई.”

पाळकसाहेब थांबले. आख्खी मंडळी थांबली. पप्पांनी दोन्ही हात पँटला पुसले, गाडीचं काम झाल्यावर पुसतात तसे, आणि मधल्या वाटेनं पुढं आले. पहिल्या बाकावर जागा भरपूर होती. तरी मामा सरकले.